बाळ येण्याआधी स्पोर्टी कॉम्बी घेताना: आधी बाळाचं सीट, मग गाडी

आमच्या लेकीची तारीख जानेवारीतली होती आणि आम्ही गाडी शोधायला लागलो ऑगस्टमध्ये. तोवर आमच्याकडे दोन दारांची एक छोटी, चपळ गाडी होती. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या टेकड्यांवरचे वळणांचे रस्ते तिच्यातून चढताना दिवसभराचा शीण जायचा. ती विकायची वेळ आली तेव्हा ओळखीतल्या प्रत्येकाने एकच सांगितलं, आता एसयूव्ही घ्या. आम्ही कॉम्बी घेतली. दीड वर्ष झालं, तीन लांबचे प्रवास झाले, आणि आज पुन्हा निवडायची वेळ आली तरी मी हेच करीन.

जर्मनीत स्टेशन वॅगनला कॉम्बी म्हणतात. सेदानची ठेवण, पण छप्पर सरळ मागच्या दारापर्यंत ताणलेलं. उंची कमी असल्यामुळे वजन रस्त्याजवळ राहतं. वळणावर अंग कमी झुकतं, आणि तितक्याच इंजिनवर उंच गाडीपेक्षा पेट्रोलही कमी लागतं. भारतात हा प्रकार कधी रुजला नाही. १९९२ ची टाटा इस्टेट आणि पुढची इंडिगो मरीना एवढ्याच बहुतेकांना आठवतील. माझ्या मामांकडे कोल्हापुरात इस्टेट होती. गणपतीला गावी जाताना सामानाबरोबर आम्ही मुलंही डिकीत बसायचो. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

या गाडीचा आणि लहान मुलांचा संबंध फार जुना आहे. बीएमडब्ल्यूत नमुन्याच्या गाड्या बनवणाऱ्या विभागात काम करणाऱ्या माक्स राइसबॉकला मुलाबाळांसह सुट्टीवर जायला ३ सीरिजची डिकी पुरत नव्हती. त्याने अपघातात सापडलेली एक ३ सीरिज विकत घेतली आणि मित्राच्या गॅरेजमध्ये साधारण सहा महिने खपून तिची मागची बाजू कापून वॅगन केली. कंपनीला ती इतकी आवडली की १९८७ पासून ३ सीरिज टूरिंग कारखान्यातून बाहेर पडू लागली. म्हणजे चालवायला आवडणारी गाडी आणि घरात लहान मूल, या दोन गोष्टींचा मेळ घालण्यासाठीच ही गाडी जन्मली. आपल्यालाही तेच करायचं आहे, फक्त करवत न चालवता. त्यासाठी एक क्रम पाळावा लागतो, आणि बहुतेक जण तो उलटा करतात.

पायरी पहिली: तारखांचं गणित

बाळाच्या तारखेपासून मागे मोजा. छत्तिसाव्या आठवड्यात गाडी दारात उभी हवी आणि बाळाचं सीट तिच्यात बसवून झालेलं हवं. नोंदणी आणि विम्याला दोन आठवडे धरा. गाड्या बघणं, चालवणं आणि ठरवणं याला दीड-दोन महिने लागतात. याचा अर्थ उशिरात उशिरा सहाव्या महिन्यात सुरुवात. नवी गाडी स्वतःच्या पसंतीने मागवली तर कित्येक महिने थांबावं लागू शकतं. तेव्हा विक्रेत्याकडे तयार उभी असलेली नाहीतर वापरलेली गाडी बघणंच व्यवहार्य ठरतं.

सातव्या महिन्यानंतर टेस्ट ड्राइव्ह अवघड होतात. पोट स्टीअरिंगच्या जवळ येतं आणि मी सीट मागे घेतलं की पाय पेडलपर्यंत नीट पोहोचेनात. छाती आणि स्टीअरिंग यांत वीतभरापेक्षा जास्त, २५ सेंटिमीटर तरी अंतर असावं. बेल्टचा खालचा पट्टा पोटावरून न जाता पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून जायला हवा. एखाद्या गाडीत हे जमत नसेल तर ती तिथेच सोडून द्या.

भारतातून येऊन थोडेच दिवस झाले असतील तर एक गोष्ट आधी बघा. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. घरात दोघांपैकी एकाकडेच जर्मन लायसन्स असेल आणि तीच व्यक्ती बाळंतीण असेल, तर दवाखान्यातून घरी कोण आणणार? आमच्या ओळखीत एका घरी नेमकं असं झालं आणि शेवटी शेजाऱ्यांना सांगावं लागलं.

पायरी दुसरी: बाळाचं सीट आधी विकत घ्या

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

तान्ह्या बाळाचं सीट म्हणजे टोपलीसारखं, कडी असलेलं, मागे तोंड करून बसवायचं. इथे त्याला बेबीशाले म्हणतात. ते घेताना आर १२९ या नियमाचा शिक्का बघा. जुन्या आर ४४ नियमाची नवी सीटं सप्टेंबर २०२४ पासून युरोपात विकता येत नाहीत. आर १२९ नुसार मूल किमान १५ महिन्यांचं होईपर्यंत मागे तोंड करूनच बसलं पाहिजे. म्हणजे पहिल्या सीटनंतर येणारं मोठं सीटही काही महिने तरी उलटंच बसणार, आणि जागेचा खरा कस तेव्हा लागतो. जर्मनीत मूल १२ वर्षांचं किंवा १५० सेंटिमीटर उंच होईपर्यंत लहान मुलांचं सीट सक्तीचं आहे. गाडी चार-पाच वर्षं ठेवायची असेल तर हे सगळं तिच्यातच घडणार. एडीएसी ही वाहनचालकांची संस्था दर वर्षी वसंतात आणि शरदात सीटांच्या चाचण्या जाहीर करते. ते निकाल वाचूनच सीट घ्या.

सीट आणि त्याचा आयसोफिक्सचा, म्हणजे गाडीतल्या ठरावीक कड्यांत अडकणारा, तळ विकत घेतला की दोन्ही बरोबर घेऊनच गाड्या बघायला जा. आम्ही बेबीशालेमध्ये तीन किलो तांदूळ पंच्यात गुंडाळून ठेवले होते. रिकामं सीट कुणीही एका हाताने उचलतं. चार-साडेचार किलोचं सीट, वर तीन-साडेतीन किलोचं बाळ, आणि ते दाराच्या अर्धवट फटीतून तिरकं करून आत घालायचं, हे वेगळंच काम आहे. सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं डॉक्टर सांगतात. कॉम्बी बुटकी, त्यामुळे पाठीतून वाकावं लागतं. एसयूव्हीची बाजू मला इथे खरोखर मान्य आहे. म्हणून मागचं दार किती उघडतं आणि छपराची कड कुठे येते ते बघा. गाडीला टेकून, भरल्या सीटसकट दहा वेळा आत-बाहेर करा. शेजारी दुसरी गाडी उभी आहे असं धरून दार अर्धंच उघडून तेच पुन्हा करा, कारण भुयारी पार्किंगमध्ये रोज तसंच असतं.

आता दुसरी चाचणी. दोघांत जो उंच त्याने ड्रायव्हरच्या जागी आपल्या सवयीने बसायचं आणि सीट तिथेच ठेवायचं. माझा नवरा सहा फूट एक इंच आहे. त्याच्या मागे तळ लावून सीट बसवलं की किती जागा उरते ते बघितलं, मग तेच शेजारच्या सीटमागे. इथे वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे फुटपाथ उजव्या बाजूला येतो आणि बाळाची खरी जागा शेजारच्या सीटमागेच. पण दुसरं मूल झालं तर? तेव्हा ड्रायव्हरमागचीही जागा लागणार. स्पोर्ट्स सीटांच्या जाड पाठी इथे तीन-चार सेंटिमीटर खातात. काही गाड्यांत आम्हाला नेमके तेवढेच कमी पडले.

तळाला एक पाय असतो, तो गाडीच्या फरशीवर टेकतो. काही गाड्यांत मागच्या फरशीखाली सामानाचा कप्पा असतो आणि त्याच्या झाकणावर हा पाय टेकवता येत नाही. एका विक्रेत्याने आम्हाला ‘कुठलंही सीट बसतं हो’ असं छातीठोक सांगितलं. त्याच गाडीच्या पुस्तिकेत मनाई छापलेली मी तिथेच उघडून दाखवली. सीट बनवणारे कुठल्या गाडीत कुठल्या जागेवर सीट चालतं याची यादी देतात. ती बघितल्याशिवाय कुणाचंही ऐकू नका.

आणि आजी-आजोबा. बहुतेक मराठी घरांत बाळंतपणाला कुणाची तरी आई येतेच, आमच्याकडे सासूबाई आणि सासरे दोघं आले. गाडीत पाच माणसं झाली. उजवीकडे बाळाचं सीट, मग उरलेल्या दोन जागांत दोन मोठी माणसं. मधली जागा अरुंद आणि पायात फरशीचा उंचवटा. सासूबाई मध्ये बसल्या आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत, पण उतरताना गुडघा धरूनच उतरल्या. त्यानंतर त्या पुढे बसू लागल्या, मी मागे बाळाजवळ. टेस्ट ड्राइव्हला घरातलं एखादं मोठं माणूस नेता आलं तर त्याला मध्ये बसवून अर्धा तास फिरवा.

पायरी तिसरी: डिकी टेपने मोजा

लिटरचे आकडे तुलनेपुरते ठीक. सध्याच्या पिढीतली स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी ६४० लिटर, तिच्या आधीची ६१०. सेआट लेऑन स्पोर्ट्सटूरर ६२०, फोक्सवॅगन गोल्फ व्हेरियंट ६११. व्होल्व्हो व्ही ६० मध्ये ५२९, बीएमडब्ल्यू ३ टूरिंगमध्ये ५००. मर्सिडीज सी क्लास टी आणि आउडी ए ४ अवांतही ५०० च्याच आसपास. किमतीने जास्त असलेल्या गाड्यांची डिकी लहान आहे हे अनेकांना पटत नाही, पण लांब बोनेट आणि मागचा उतार यांची किंमत डिकीच मोजते. प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलबरोबर विजेवरही चालणारी, बाहेरून चार्ज करायची गाडी बघत असाल तर जास्तच सावध राहा. त्याच ऑक्टाव्हियाची प्लग-इन कॉम्बी ४९० लिटरवर येते, कारण फरशीखाली बॅटरी बसलेली असते.

पण बाबागाडी लिटरमध्ये बसत नाही. मैत्रिणींनी डोहाळजेवणाला मिळून दिलेली आमची बाबागाडी घडी घातली तरी चाकांसकट चांगलीच रुंद होती. चाकांच्या कमानींमधली रुंदी, डिकीच्या तोंडाची उंची आणि उंबरठा जमिनीपासून किती वर आहे, ही तीन मापं घ्या. मग बाबागाडी प्रत्यक्ष घालून बघा, चाकं न काढता. शिवाय तान्ह्या बाळाचं झोपायचं खोकं वेगळं असतं, ते घडी होत नाही. दोन्ही घातल्यावर उरलेल्या जागेत दोन मोठ्या सुटकेस बसल्या पाहिजेत. भारतातून येणाऱ्या प्रत्येक आजीबरोबर दोन असतातच, आणि त्यांत डिंकाचे लाडू, आळीव, बाळगुटीचं सामान असतं. ३ टूरिंगची मागची काच दारापासून वेगळी उघडते. पावसात हातातली पिशवी टाकायला ती फार कामाची.

सेदानमध्ये डिकी आणि माणसं यांच्यात पत्र्याची आडभिंत असते, कॉम्बीत फक्त सीटची पाठ. ताशी ५० किलोमीटरवरची गाडी एक दशांश सेकंदात थांबली तर मागे सुटी ठेवलेली ५ किलोची वस्तू सुमारे ७० किलोच्या जोराने पुढे येते. म्हणून सीटच्या पाठीपासून छतापर्यंत ताणायची जाळी गाडीबरोबर मिळतेय का ते विचारा. वापरलेल्या गाडीत ती बरेचदा हरवलेली असते. नसेल तर किमतीतून वजा करून घ्या आणि नवी विकत घ्या. सामान बांधायच्या कड्या चारही कोपऱ्यांत धड हव्यात.

पायरी चौथी: ‘स्पोर्टी’ म्हणजे नेमकं काय हवंय ते ठरवा

स्पोर्टी वॅगनचा विषय निघाला की इथले जुने लोक आउडी आरएस २ अवांतची आठवण काढतात. १९९४ साली आउडीने पोर्शेबरोबर मिळून ती केली. ३१५ पीएस (हॉर्सपॉवरसारखं माप) ताकद, जवळपास २,९०० गाड्या, आणि त्या जोडल्या गेल्या आमच्याच स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात, पोर्शेच्या कारखान्यात. त्याच वर्षी व्होल्व्होने ब्रिटनच्या टूरिंग कार शर्यतीत ८५० इस्टेट उतरवली होती. वॅगन म्हणजे कंटाळवाणी, हा समज तेव्हाच मोडीत निघाला.

पण तान्हं बाळ मागे असताना १०० चा वेग किती सेकंदांत येतो याला अर्थ उरत नाही. उरतात त्या गोष्टी वेगळ्या: स्टीअरिंगचा खरेपणा, ब्रेकवरचा विश्वास, ओल्या वळणावरची पकड, ट्रकला झटकन मागे टाकण्याइतका टॉर्क. सीटवरची लाल दोऱ्याची शिवण, मोठा स्पॉयलर आणि १९ इंची चाकं या यादीत नाहीत.

चाकांचं गणित स्वतः करून बघा. आधीच्या पिढीच्या ऑक्टाव्हियात साधा टायर २०५/५५ आर १६, म्हणजे रबराची उंची ११३ मिलिमीटर. तिच्या आरएस या स्पोर्टी प्रकाराचा १८ इंची २२५/४० म्हणजे ९०, आणि १९ इंची २२५/३५ म्हणजे ७९. खड्डा आणि बाळाची मान यांच्यातली ही गादी. दगडी फरसबंदीवर १८ आणि १९ मधला फरक मला दोन मिनिटांत कळला. कंपनीने दिलेलं, बटणाने मऊ-कडक होणारं सस्पेन्शन असेल तर त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजा. मोठ्या इंजिनापेक्षा मी त्याला वरचा नंबर देईन.

इंजिनाबद्दल थोडक्यात. रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचा असेल तर डिझेल नको, त्याच्या धुराच्या फिल्टरला साफ व्हायला लांब धाव लागते. स्टुटगार्टमध्ये २०१९ पासून युरो ४ या धुराच्या मानकाच्या आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना बंदीही आहे. महिन्यातून चार वेळा ५०० किलोमीटर जात असाल तर डिझेल अजूनही उत्तम. साधारण वापराला १५० पीएसची पेट्रोल गाडी पुरते. आम्ही घेतली २०१९ ची ऑक्टाव्हिया कॉम्बी आरएस, २४५ पीएसची. मुख्य कारण तिचा पुढच्या दोन चाकांत ताकद वाटून देणारा इलेक्ट्रॉनिक डिफरेन्शियल. आमच्या घराकडे जाणारा चढ ओल्या पानांनी भरलेला असतो आणि तिथे ती चाक घसरू न देता वर येते. ३ टूरिंग चालवायला याहून छान होती, हे प्रामाणिकपणे सांगते. पण माझ्या नवऱ्यामागे बाळाचं सीट तिच्यात आमच्या मनासारखं बसलं नाही, आणि तिथेच निकाल लागला.

पायरी पाचवी: तासाभराची टेस्ट ड्राइव्ह

पंधरा मिनिटांची फेरी नको, तास मागून घ्या. तांदळाचं गाठोडं सीटमध्ये बांधलेलंच ठेवा. पहिली वीस मिनिटं एकाने मागे, बाळाच्या शेजारी बसायचं. पुढून जे सस्पेन्शन ‘घट्ट’ वाटतं ते मागून आदळतं का, हे तिथेच कळतं. ऑटोबानवर ताशी १३० ला मागे बसून हळू आवाजात बोलून बघा, टायरचा आवाज बोलणं खातो का? ट्रॅफिकमध्ये सरकत-थांबत चालताना ऑटोमॅटिक गिअर धक्के देतो का? झोपलेलं बाळ याच धक्क्यांनी उठतं. मग एक मोकळा, वळणांचा रस्ता घ्या आणि स्वतःच्या आनंदासाठी चालवा. ते वगळू नका, पुढची कित्येक वर्षं ही गाडी तुम्हीच चालवणार आहात.

पायरी सहावी: वापरलेली असेल तर

सर्व्हिसच्या नोंदी पानापानाने वाचा. ऑइलमध्ये चालणाऱ्या सहा गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं. नोंद नसेल तर झालेलं नाही असंच धरा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. ३६१८ म्हणजे २०१८ चा छत्तिसावा आठवडा. स्पोर्टी गाडी आधीच्या मालकाने कशी चालवली ते टायरच्या झिजेवरून आणि ब्रेकच्या चकत्यांच्या कडेवरून बऱ्यापैकी कळतं.

विक्रेत्याकडून घेतली तर किमान वर्षभर दोषांची कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर राहते, खासगी मालक ती करारात नाकारू शकतो. ऐन बाळंतपणात भांडायला वेळ नसतो, म्हणून मी विक्रेत्याकडून घ्या असंच सांगीन. अपघात झालेला नाही हे तोंडी नको, करारात लिहून घ्या. भारतातला नो क्लेम बोनस इथल्या विमा कंपन्या सहसा धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी हप्ता मोठा येतो आणि ताकदवान इंजिनाला तो आणखी वाढतो. सही करण्याआधी नेमक्या मॉडेलचा हप्ता काढून बघा. आमचे दोन पर्याय तिथेच गळाले.

पायरी सातवी: गाडी दारात आल्यावर

सीटचा तळ बसवा, दोन्ही खुणा हिरव्या झाल्या की हलवून बघा, आणि आजी-आजोबांसकट घरातल्या प्रत्येकाकडून एकदा करून घ्या. कधी नाइलाजाने सीट पुढे लावायचं झालं तर शेजारची एअरबॅग बंद असलीच पाहिजे. आमच्या गाडीत तिचं कुलूप ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, किल्लीने फिरवायचं. पुन्हा मोठं माणूस बसलं की ती चालू करायची आठवण म्हणून मी तिथे पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे.

हिवाळी टायरना इथे ‘ऑक्टोबर ते ईस्टर’ असा सोपा नियम आहे. टायरवर डोंगर आणि हिमकणाची खूण हवी, नुसती ‘एम प्लस एस’ची अक्षरं ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून चालत नाहीत. थंडीत बाळाला जाड फुगीर जाकीट घालून बेल्ट लावू नका. बेल्ट जाकिटावर घट्ट दिसतो, पण अंगावर ढिला राहतो. आमची लेक दवाखान्यातून निघाली तेव्हा बाहेर उणे चार होतं. सासऱ्यांनी गाडी दहा मिनिटं आधी उन्हात नेऊन उभी केली होती. तिला लोकरी झबलं आणि टोपडं घातलं, बेल्ट अंगासरशी ओढला, आणि सासूबाईंनी पुण्याहून आणलेली गोधडी वरून घातली.